मुका ढीग

किंमत विचारून वस्तू न घेणारा आणि तरीही बाजारात कुणाची शिवी न खाणारा असा माझ्या ओळखीत एकच माणूस झाला. चुरी मास्तर. पापडी गावच्या बाजारात ते टोपलीपुढे उकिडवे बसायचे, "कितीला?" म्हणून विचारायचे आणि उत्तर मिळालं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचे, "का?" भाजीवाली आधी चिडायची, मग हळूहळू सांगायला लागायची. रहाटाचा बैल बसला, आगाशीहून माल आलाच नाही, सून बाळंतपणाला गेली म्हणून तोडणीला माणूस नाही. मास्तर मान डोलवत सगळं ऐकायचे आणि उठताना म्हणायचे, "किती ते कुणीही सांगतो. का ते सांगणारा पाहिजे." शाळेतल्या मुलांनी त्यांचं नाव 'का मास्तर' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मला वाटतं, थोडं आवडतही होतं.

मी वसईला आलो तेव्हा युद्ध संपून वर्ष होत आलं होतं, पण रेशन काही संपलं नव्हतं. मी घाटावरचा. हायस्कुलात मराठी शिकवायला आलो तोवर समुद्र पाहिला नव्हता, मासे तोंडात घातले नव्हते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता. पहिल्या दोन गोष्टी वसईने दोन महिन्यांत बदलल्या. तिसरी बदलायला फार वेळ लागला, आणि तो दुसऱ्यांना भोवला.

मास्तर वटार गावचे. घरची केळीची बाग होती, ती धाकटा भाऊ पाहायचा. मास्तरांनी अर्थशास्त्र घेऊन बी. ए. केलं होतं. शाळेत मात्र त्यांच्या वाट्याला इतिहास आणि नागरिकशास्त्र आलेलं, आणि त्या दोन्ही विषयांत ते जमेल तिथून अर्थशास्त्र घुसवायचे. उंच, किडकिडीत अंगकाठी, धोतराचा सोगा सायकलच्या साखळीत अडकून कायम काळा झालेला, कोटाच्या खिशातून कागद डोकावणारे. कागदाची तेव्हा टंचाई होती. मास्तर जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहायचे. त्यामुळे त्यांचं कुठलंही टिपण उलटलं की मागे 'शिवाजीने अफझलखानास का मारले' याचं सातवीतल्या कुणीतरी दिलेलं उत्तर असायचं.

ते लिहीत होते तो प्रबंध. विद्यापीठात एम. ए.साठी नाव घातलं होतं. विषय असा की, वस्तूची किंमत कशी ठरते याबद्दल माणसं हजार वर्षं काय काय म्हणत आली आणि आपल्या बाजारात प्रत्यक्ष काय होतं. अर्धा प्रबंध पुस्तकांतला आणि अर्धा वसईतला. पुस्तकांसाठी ते दर शनिवारी मुंबईला जायचे. जुन्या ख्रिस्ती पंडितांची लॅटिन पानं माणिकपूरचे एक म्हातारे फादर त्यांना मराठीत सांगायचे. समोरच्याची अडचण ही विकायची वस्तू नव्हे, असं त्या पंडितांचं म्हणणं होतं म्हणे. मास्तर फादरांसाठी घरच्या वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेऊन जायचे आणि परत येताना दोन दिवस पुरेल एवढा आनंद घेऊन यायचे. "आठशे वर्षांपूर्वी, पाटील! आठशे वर्षांपूर्वी ह्या लोकांनी काळ्या बाजारावर लिहून ठेवलंय," असं ते मला शिक्षकांच्या खोलीत टेबलावर हात आपटून सांगायचे.

थोर अर्थशास्त्रज्ञांना त्यांनी आपल्या घरची नावं ठेवली होती. टाचण्यांच्या कारखान्याचा दाखला देऊन श्रमविभागणी समजावणारा तो टाचणीवाला. जमिनीच्या खंडाचं कोडं सोडवणारा खंडवाला. माणसं वाढतात, धान्य तेवढं वाढत नाही, असं म्हणून सगळ्यांना घाबरवणारा प्रजावाला पाद्री. आणि ज्याचं नाव उच्चारलं तरी हेडमास्तर दार लावून घ्यायचे तो दाढीवाला. मुलांना ही मंडळी गावातल्या माणसांसारखी वाटायची. टाचणीवाला आणि दाढीवाला पापडीच्या बाजारात भेटले तर काय भांडतील, असा तास मास्तरांनी एकदा घेतला होता. शेजारच्या वर्गात मी व्याकरण शिकवत होतो. माझी मुलं भिंतीला कान लावून बसली होती आणि खरं सांगायचं तर मीही.

मग एकदा शाळा तपासनीस आले. नववीतल्या एकाला त्यांनी विचारलं, "अर्थशास्त्राचा जनक कोण?" पोरगं ताडकन उठून म्हणालं, "टाचणीवाला, साहेब!" हेडमास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. संध्याकाळी त्यांनी मास्तरांना बोलावून चांगलं खडसावलं. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, नाव विसरलं तर दोन मार्क जातात. टाचणी विसरली तर सगळंच जातं." दुसऱ्या दिवशी वर्गात परत टाचणीवालाच.

त्यांच्या अभ्यासाने त्यांना एकदा चौकीवरही नेलं. साखरेच्या रेशनची रांग लागली होती. घरात साखर होती, तरी मास्तर रांगेत उभे, आणि प्रत्येकाला विचारत पुढे सरकत होते, "तुमची जागा मला दिलीत तर काय घ्याल?" रांगेतल्या जागेला माणूस काय मोल देतो हे त्यांना बघायचं होतं. कुणीतरी हवालदाराला सांगितलं की हा इसम नंबर विकत घेतोय. हवालदाराने मास्तरांच्या खिशातले कागद काढले. त्यावर नावं, आणे, आणि मागे अफझलखान.

"काळा बाजार करता काय?"

"नाही हो, अभ्यास करतो."

"मास्तर ना तुमी? मंग अभ्यास पुस्तकात करा. रांगेत साखर घ्या."

हेडमास्तरांनी मला बरोबर घेऊन जाऊन त्यांना सोडवून आणलं. चौकीतून बाहेर पडताना मास्तर मला म्हणाले, "पाटील, एका म्हातारीने काय सांगितलं माहीत आहे? म्हणाली, माझी जागा घे फुकट, पण माझ्या मागच्यांना विचारून घे. हे कुठल्या पुस्तकात बसवू?" चौकीत नेल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. ती म्हातारी मात्र त्यांच्या डोक्यातून महिनाभर गेली नाही. पुस्तकात न बसणारी माणसं शोधण्याचा त्यांना नादच लागला, आणि त्या नादातून ते एका कोळीवाड्यात पोचले.

कोळीवाड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहून चूक केली आहे. अर्नाळा ते पाचूबंदर या पट्ट्यात कुठेतरी, एवढं पुरे. तिथे होड्या लागल्या की ढोमे, बोंबील अशा मच्छीचे ढीग वाळूवर मांडायचे आणि बायका बोली लावून ते उचलायच्या. पुकारा करायला जानकीआई म्हणून एक जाडजूड म्हातारी होती. तिचा आवाज वाऱ्यावरून पार बंदरापर्यंत जायचा. बायका एकमेकींच्या तोंडावर बोली चढवायच्या, भांडायच्या, आईबाप काढायच्या. टाचणीवाल्याला दाखवावा असा बाजार. मास्तर दर रविवारी जाऊन एका उलट्या होडीवर बसायचे.

चार-पाच रविवारांनंतर त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. कात्रीन नावाची एक विधवा होती. तिचा नवरा होडीसकट गेलेला, घरात दोन लहान मुली. ती सगळ्यात आधी, हलक्या आवाजात, एखाद्या ढिगावर अगदी कमी बोली लावायची. आणि तेवढ्या वेळापुरत्या सगळ्याजणी गप्प व्हायच्या. कुणी पदर झटकायची, कुणी समुद्राकडे बघायची. जानकीआई घाईघाईने तीनदा पुकारून ढीग कात्रीनच्या नावावर टाकायची, की पुन्हा कलकलाट सुरू. घरी होडी नसलेल्या आणखी दोन बायका होत्या, त्यांचंही तसंच. मास्तरांनी एकदा मलाही नेऊन दाखवलं. तो गप्पपणा मी कानांनी ऐकला आहे. मोजून चार श्वास.

मास्तरांनी जानकीआईला विचारलं, "कात्रीनच्या वेळी तुम्ही सगळ्या गप्प का बसता?"

जानकीआईने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "गप कोन बसला? आमाला ढोमे नको व्हते आज."

"पण गेल्या रविवारीही..."

"तवा पन नको व्हते. मास्तर, तुमाला काय घ्यायचा नाय तं बाजूला सरा. ऊन वाढतंय."

कुणी त्यांच्या 'का'ला उत्तर दिलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं. परत येताना सायकली हातात धरून आम्ही भुईगावच्या वाटेने चालत आलो. वाटेत मास्तर म्हणाले, "विचारायला नको होतं. ते बोलायचं नसतं म्हणूनच चाललंय. बोललं की कात्रीनला भीक घातल्यासारखं होईल. तिने बोली लावली, तिने माल घेतला, असंच ते राहिलं पाहिजे." पुढच्या रविवारी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. कात्रीनने त्यांना घरी बोलावून पाणी दिलं, मुली दाखवल्या. मोठीला अक्षरओळख मास्तरांनीच करून दिली.

त्यावर त्यांनी बारा पानं लिहिली. मी आयुष्यात पुष्कळ मराठी वाचलं, शिकवलं, पण तसं साधं आणि नेमकं क्वचित वाचलं. नाव दिलं होतं 'मुका ढीग'. टाचणीवाला, लॅटिन पंडित, दाढीवाला सगळे त्या वाळूवर येऊन उभे राहिले होते आणि कुणालाच त्या चार श्वासांचा हिशेब लागत नव्हता. आणि गावाचं नाव नव्हतं. 'उत्तर कोकणातील एका किनाऱ्यावर' एवढंच. बाईचं नाव नव्हतं, 'एक स्त्री' एवढंच. मच्छीही त्यांनी बदलली होती.

एका साप्ताहिकाचे संपादक माझ्या ओळखीचे होते. मी मास्तरांच्या मागे लागलो की हे छापून येऊ द्या, प्रबंधाला वजन येईल. ते तीन आठवडे नाही म्हणत होते. शेवटी म्हणाले, "जसंच्या तसं द्याल ना?" मी हो म्हणालो. उत्तरपत्रिकांच्या पाठीवरचा मजकूर संपादकाला कसा पाठवायचा, म्हणून साफ नक्कल करायचं मीच अंगावर घेतलं. नक्कल करता करता मला वाटायला लागलं की हे फार धूसर आहे. एक किनारा, एक स्त्री. ह्याला कुणी अभ्यास म्हणेल का? दंतकथा म्हणतील. मास्तर भिडस्त आहेत, त्यांच्या भल्यासाठी आपणच थोडं धीट झालं पाहिजे. मी कोळीवाड्याचं नाव घातलं. जानकीआईचं घातलं. कात्रीनचं घातलं, तिच्या नवऱ्याच्या होडीचंसुद्धा. आणि पाकीट टपालात टाकून घरी येऊन समाधानाने जेवलो.

मास्तरांच्या नावाने छापून आल्यावर आठवडाभर कौतुक झालं. त्या वेळी बर्फात मच्छी भरून नेणारी मुंबईची लाँच किनाऱ्यावर यायला लागली होती, बायकांच्या बोलीत भाग घेऊन माल उचलायची. तिचा मुकादम वाचनाची आवड असलेला माणूस. होड्यांची वाट बघत बायका वाळूवर बसल्या होत्या, तेव्हा त्याने अंक काढला आणि म्हणाला, "तुमचा वाडा पेपरात आलाय, ऐका." बायका खूष. जानकीआईचं नाव आलं तेव्हा हशा झाला. मुकादम पुढे वाचत गेला. कात्रीनचं नाव आलं, तिला कमी भावात ढीग मिळावा म्हणून बाकीच्या कशा तोंड मिटून बसतात ते आलं. मला हे नंतर कळलं, पण तो हशा कुठल्या ओळीवर थांबला असेल ते मी अचूक सांगू शकतो. नक्कल मीच केली होती.

कात्रीन उठली आणि म्हणाली, "मी बोली लावून मच्छी घेतली. भीक नाय मागली कोनापाशी." त्या दिवशी तिने पहिली बोली लावली नाही. शेवटच्या ढिगावर, सगळ्यांच्या वरताण ओरडून, तिला न झेपणारा भाव लावला आणि तो घेतला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवसापासून ती वाळूवर आली नाही. मुकादमाने उरलेल्या दोघींतल्या एकीला थोडे आणे देऊन आपल्यासाठी पहिली बोली लावायला बसवलं. बायकांना हे कळायला दोन दिवस लागले. मग पहिल्या बोलीवरही आरडाओरडा सुरू झाला. एका महिन्याच्या आत तो किनारा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे वागायला लागला.

कात्रीनने येणं सोडलं त्या आठवड्यातच मास्तर रविवारी तिथून आले आणि सोमवारी तो अंक घेऊन शिक्षकांच्या खोलीत माझ्यासमोर बसले. त्यांनी तो तोवर उघडलाही नव्हता. स्वतःचं छापलेलं वाचायला त्यांना लाज वाटायची.

"नावं तुम्ही घातलीत?"

"हो. नावागावाशिवाय लोकांना पटलं नसतं, मास्तर."

"पटायचं कुणाला होतं?" ते म्हणाले.

घंटा झाली. ते खडू घेऊन वर्गावर गेले. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आवाज चढवला नाही, बोलणं तोडलं नाही. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. मीच एकदा म्हणालो की मी कोळीवाड्यात जाऊन सांगतो, चूक माझी. त्यांनी मान हलवली. "आता तिथे परत बोलायचं नाही. जेवढं बोलाल तेवढं तिला लागेल." मी लगेच मान्य केलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

प्रबंधाच्या प्राध्यापकांना ती बारा पानं फार आवडली होती. त्यांना तेच मुख्य प्रकरण करून हवं होतं. मास्तरांनी ते काढून टाकलं. मी म्हणालो, "ते वगळून बाकीचा द्या की." ते म्हणाले, "मग त्यात माझं काय राहिलं? बाकीचं सगळं वाचनालयात आहे." मुदत एकदा वाढवून मिळाली, दुसऱ्यांदा त्यांनी मागितलीच नाही. शनिवारी ते मुंबईला जायचे थांबले. माणिकपूरचे फादर दोनदा विचारायला शाळेत आले. मास्तरांनी त्यांना सुकेळी दिली, चहा पाजला आणि पोचवून आले.

वर्गातून टाचणीवालाही गेला. मास्तर आता पाठ्यपुस्तकातली नावं पाठ्यपुस्तकातल्या क्रमाने सांगायचे, साल फळ्यावर लिहायचे, खाली रेघ मारायचे. मुलांचे मार्क वाढले. हेडमास्तर मला म्हणाले, "चुरी सुधारले हो अखेर." भिंतीपलीकडून आता काही ऐकू येत नसे. माझी मुलं व्याकरण लक्ष देऊन शिकू लागली, आणि मला त्या तासाचा इतका कंटाळा यायला लागला की मी दुसरी नोकरी बघायला सुरुवात केली.

ती मिळायला पुढे काही वर्षं गेली. नाशिकचं पत्र आलं तेव्हा सामान बांधून झाल्यावर मी शेवटचा म्हणून पापडीच्या बाजारात गेलो. कात्रीन तिथे सुकी मच्छी विकायला बसायची. वाळूवरचं सुटल्यावर तिने हे धरलं होतं. मी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच बोंबील घ्यायचो. का, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. ती मला 'गुर्जी' म्हणायची. माझं नाव तिला ठाऊक नसावं.

"काय गुर्जी, वसई सोडून चाललात म्हनं?"

"हो, नाशिकला."

"तिकडं कुठली मच्छी मिलायची तुमाला." ती बोंबील मोजून कागदावर ठेवू लागली.

तेवढ्यात तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि हात थांबला. मी वळून पाहिलं. तीन-चार हातांवर चुरी मास्तर सायकल धरून उभे होते. केस सगळे पिकले होते. ते दर आठवड्याला तिथून जायचे, थोडं थांबायचे आणि पुढे व्हायचे, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी किंमत विचारली नाही. काहीच विचारलं नाही.

कात्रीन माझ्याकडेच बघत, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमी बरे, गुर्जी. मच्छी घेता, पैसे देता, घरी जाता. त्या मास्तराला मी घरात बोलवून पानी दिलं, पोरी दाखवल्या. त्यानं माझं नाव पेपरात छापलं."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. मुलाला उत्तर येतंय आणि तो बोलत नाहीये, हे ठाऊक असलेला मास्तर वर्गात जसा थांबतो, तसे ते थोडा वेळ थांबले. मग सायकल वळवून गर्दीतून निघून गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

कात्रीनने मोजलेल्या बोंबलांवर आणखी एक मूठ टाकली. "ही माझ्याकडून," ती म्हणाली.

मी पिशवी पुढे केली.